तात्पुरत्या जागेत

तीन महिन्यांसाठी म्हणून आम्ही इथे आलो,
जुन्नरच्या रस्त्याला, गुरांच्या दवाखान्यात.
एक टेंपो, दोन खेपा:
कपाटं, बिनतारी संच, वीस वर्षांच्या डायऱ्या
आणि मुद्देमाल.
कोयते, हातभट्टीचे कॅन, लग्नघरातून चोरलेला एक हंडा,
ज्याचा निकाल लागेतो नवरीचं पोर शाळेत जाऊ लागलं.

पाटीवर ‘पशुवैद्यकीय’ तसंच राहिलं,
खाली आम्ही खडूनं ‘पोलीस ठाणे’ लिहिलं.
खडू आठवड्याला पुसतो.
डेरे डॉक्टर म्हणतात, राहू द्या शेलकंदे बाई,
ज्याला यायचंय तो बरोबर येतो.
येतो खरा, पण चुकीच्या रांगेत.
परवा एकजण भाऊबंदकीत डोकं फोडून घेऊन आला,
कंपाउंडरनं मान वर न करता विचारलं,
कितवं वेत?

जुन्या ठाण्याचं छत उतरवलं, त्याला हे चौथं साल.
आधी अंदाजपत्रक बसेना.
बसलं, तर आचारसंहिता लागली.
ती उठली तोवर सिमेंटचा दर चढलेला,
म्हणून पुन्हा अंदाजपत्रक.
पुण्याहून एक साहेब आले, टेप लावला,
म्हणाले, लॉकअप कागदापेक्षा सहा इंच कमी भरतंय.
इंग्रजांच्या काळातली भिंत,
ती काय आम्ही ओढून लांब करणार होतो?
मग शंका आली रंगाची:
‘खालचा पट्टा निळा की तपकिरी, खुलासा व्हावा.’
खुलासा केला. त्याचा जावक क्रमांक मला पाठ आहे,
पोराच्या जन्मतारखेसारखा.

मार्गशीर्षात लॉकअपचे गज गेले.
अकरा गज, रंगवायला काढून भिंतीला टेकवलेले.
कंत्राटदार म्हणे, ठाण्यातून गेले, तुमची जबाबदारी.
आम्ही म्हटलं, जागा तुमच्या ताब्यात.
ताबापावती शोधली तर तिच्यावर तारीख नव्हती.
शेवटी मीच फिर्याद लिहायला बसले
आणि ‘फिर्यादीचे नाव’पाशी पेन थांबलं.
पंच म्हणून चहावाला गफूर आला.
सही केली, ग्लास गोळा केले, जाताना म्हणाला,
‘गज नाहीत, छप्पर नाही,
बाई, ठाणंच जामिनावर सुटलं म्हणायचं.’

हसलो. हसायला काय जातं.

पण त्या रात्रीचं सांगते.
अडीचला ती आली. नाव लिहीत नाही तिचं.
अनवाणी, कानामागे रक्त सुकलेलं.
आधी दवाखान्यात जाऊ, म्हटलं मी.
आजूबाजूला बघत ती म्हणाली,
‘मग हा कसला आहे?’
पुढच्या खोलीत दोन दारुडे, बाकावर साहेब झोपलेले.
मागे, गुरांना सुई टोचतात त्या लोखंडी खोड्यापाशी नेलं तिला,
दुसरा आडोसाच नव्हता.
बादली पालथी घालून मी बसले, मांडीवर कागद.
ती उभी, खोड्याचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून.
‘इथे बोलू?’
‘बोल.’
शेणाचा वास, फिनाईलचा वास.
चार पानं बोलली. पाचव्यावर अंगठा.

कोर्टात वकिलानं मला विचारलं,
जबाब कुठे नोंदवला?
ठाण्यात.
ठाण्यात म्हणजे नक्की कुठे?
मी सांगितलं.
मागच्या बाकावर कुणीतरी हंबरलं.
खसखस पिकली.
पिंजऱ्यात उभी ती, माझ्याकडे बघितलंही नाही,
फक्त कठड्याचा दांडा
तसाच, दोन्ही हातांनी.

काल कागद आला:
‘जागाबदलास आणखी तीन महिने मुदतवाढ.’
आवक केला, फाईलला लावला.
संध्याकाळी घरची जुनी चादर घेऊन मागे गेले,
खोड्याला पडदा लावायला.
डॉक्टरांनी काही न विचारता दोन खिळे आणून दिले.
एक वाकडा होता.